भंगाराची पाठचिकित्सा

संपादकांनी पत्र पाठवून लेख मागितला तेव्हा एखाद्या कादंबरीचे किंवा कवितासंग्रहाचे परीक्षण त्यांच्या मनात असणार. आजवर मी तेच करीत आलो आहे आणि त्याबद्दल लेखकवर्गाने माझे जे काही केले ते मी मुकाट्याने सोसले आहे. पण या वर्षी मला एका वेगळ्याच वाङ्मयाचे परीक्षण करायचे आहे. ते पत्र्यावर लिहिलेले आहे, त्याची बरीच पाने जळालेली आहेत, काही बर्फाखाली आहेत, काही समुद्राच्या तळाशी आहेत आणि बरीचशी आपण स्वतः किलोच्या भावाने विकली आहेत. मोडक्या, दुर्मिळ लष्करी विमानांच्या अवशेषांविषयी मी बोलतो आहे. घरात चकलीचा घाणा पडलेला असताना भंगाराची गोष्ट काढणे थोडे अभद्र दिसेल हे मी जाणतो. परंतु भंगाराचा आणि दिवाळीचा संबंध कोणत्याही गृहिणीला विचारावा. वर्षभर माळ्यावर सुखाने पडलेल्या वस्तूंचा न्यायनिवाडा याच आठ दिवसांत होतो.

माझ्याही एका वस्तूचा निवाडा असाच झाला, आणि न्यायाधीश मीच होतो.

आम्ही बुलढाण्याचे. आमच्या लहानपणी घाटावरच्या या गावात विमान म्हणजे आकाशातली एक रेघ आणि ती दिसल्यावर गल्लीभर उठलेली आरोळी, एवढेच होते. पण माझे थोरले मामा हवाई दलात फिटर होते आणि काही वर्षे आसामात होते. एका भाऊबीजेला त्यांनी आईसाठी जर्मनचा एक डबा आणला. आमच्याकडे ॲल्युमिनियमला तेव्हा जर्मनच म्हणत आणि अजूनही म्हणतात. डबा ओबडधोबड होता, कुणा खेड्यातल्या कारागिराने पत्रा ठोकून केलेला. शिवणीला रिबिटांची रांग होती आणि झाकण नव्हते. मामांचे म्हणणे असे की तो महायुद्धात पडलेल्या एका विमानाच्या पत्र्याचा आहे. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांचा असेन. मी विचारले, "मामा, खरंच विमानाचा?" मामांनी डबा उपडा केला आणि तळाशी पुसट झालेली अक्षरे आणि आकडे दाखवले. "नंबर बघ ना. भांड्याला कधी नंबर असतो का रे?"

१९७४ च्या दिवाळीत मी नवा नोकरीला लागलेला होतो आणि घरात स्टेनलेस स्टीलचे डबे यावेत अशी मला हौस होती. दारावर भांडीवाला आला. आई म्हणाली, "दादाचा डबा राहू दे." मी म्हणालो, "झाकण नाही, तळ ठेचलेला आहे, कशाला हवाय?" भांडीवाल्याने तो तराजूत टाकला. "जरमनचं काय मोल हाये, बापू," असे म्हणून त्याने तो इतर मोडीबरोबर पोत्यात घातला. मोबदल्यात आलेला स्टीलचा डबा आजही आमच्याकडे आहे आणि तो अगदी निर्दोष आहे.

या गोष्टीकडे मी पुन्हा येणार आहे. आधी माझ्या जिल्ह्यात आकाशातून जे खरोखरच पडले त्याविषयी सांगतो.

बुलढाणा जिल्ह्यातले लोणार आता जगाला ठाऊक आहे. सुमारे पावणेदोन किलोमीटर व्यासाचा तो वर्तुळाकार खड्डा, त्याच्या तळाशी खारे पाणी, काठावर जुनी देवळे. गावातल्या दैत्यसूदनाच्या देवळाशी निगडित कथा अशी की विष्णूने लवणासुराला येथे मारले. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने या जागेची नोंद केली आणि पुढे दीडशे वर्षे वाद चालला, की हे ज्वालामुखीचे मुख आहे की आकाशातून पडलेल्या दगडाचा घाव. आता गंमत पाहा. जे पडले त्याचा हाती धरावा असा तुकडाही सापडलेला नाही. निर्णय झाला तो लहान लहान काचांवर. प्रचंड आघाताखेरीज जी काच बनत नाही तिचे कण येथल्या काळ्या दगडात मिळाले आणि १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने उल्कापाताच्या बाजूने कौल दिला. पुढे खड्ड्याचे वय पन्नास हजार वर्षांच्या आसपास धरले जाऊ लागले. २०११ च्या सुमारास नव्या पद्धतीने मोजणी झाली आणि ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षांवर गेले. मत बदलता आले, कारण कण जागेवर होते. लवणासुराची कथा मला प्रिय आहे, पण तिला प्रतिप्रश्न विचारता येत नाही. काचेच्या कणाला विचारता येतो, आणि दरवेळी तो पूर्वीपेक्षा जरा अधिक खरे बोलतो.

कथा आणि कण यांतला हा फरक लक्षात ठेवून आपल्या मराठी मनाच्या एका लाडक्या विमानाकडे वळू.

शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर 'मरुत्सखा' नावाचे विमान उडवले, ते दीड हजार फूट चढले, महादेव गोविंद रानडे आणि सयाजीराव गायकवाड ते पाहायला हजर होते, ही हकिगत आपण सर्वांनी ऐकलेली आहे. तिच्यावर २०१५ साली हिंदी चित्रपटही निघाला. तळपदे ही व्यक्ती खरी, त्यांची विद्येची तळमळ खरी. पण त्या दिवसाचा विश्वसनीय असा समकालीन पुरावा कुणी पुढे ठेवलेला नाही आणि त्या यंत्राचा खिळाही शिल्लक नाही. ज्या 'वैमानिक शास्त्रा'चा आधार या चर्चेत घेतला जातो, त्याचे परीक्षण बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच अभ्यासकांनी १९७४ साली केले. त्यांचा निष्कर्ष असा की तो ग्रंथ प्राचीन नसून विसाव्या शतकाच्या आरंभीचा आहे आणि त्यात वर्णिलेली विमाने उडू शकणार नाहीत.

मी तळपद्यांची टवाळी करीत नाही. माणसाशिवाय उडणारे यंत्र त्या काळात अशक्य नव्हते. १८९६ साली अमेरिकेत लँगले यांचे वाफेवर चालणारे, बिनमाणसाचे विमान नदीवरून सुमारे किलोमीटरभर उडाले. फरक एवढाच की लँगले यांचे ते यंत्र आजही वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे. राइट बंधूंचे १९०३ चे विमान तर त्याच दिवशी चौथ्या उड्डाणानंतर वाऱ्याने उलथून मोडले होते. त्यांनी ते मोडके तुकडे पेटीत भरून घरी नेले. कीर्तीचा पाया त्या पेटीत आहे. आपल्याकडे पेटी नाही, म्हणून दरवर्षी आवाज चढवून सांगावे लागते. माझी तक्रार तळपद्यांविरुद्ध नाही, आपल्या रसिकतेविरुद्ध आहे. जे विमान कुठेच नाही त्याच्यावर आपण भरभरून बोलतो, आणि जी विमाने खरोखर होती, ज्यांत आपली माणसे बसली आणि मेली, त्यांचे पत्रे पावसात भिजत राहिले तर आपल्याला हूं की चूं वाटत नाही.

असे का व्हावे? मला वाटते, आपल्या सौंदर्यदृष्टीत दगडाला आणि पत्र्याला वेगळा न्याय आहे. ढासळलेला बुरूज दिसला की आपला कंठ दाटतो. सिंदखेडराजाला जिजाबाईंच्या जन्मस्थानी गेलेला माणूस भिंतीवर हात ठेवून क्षणभर गप्प उभा राहतो. मी स्वतः राहिलेलो आहे. पण मोडलेला पंख दिसला की मनात भाव येतो तो किलोचा. दगडाचे ते 'भग्नावशेष' आणि पत्र्याचे ते 'भंगार'. दोन्ही शब्दांत 'भंग' ऐकू येतो, पण एकाला काव्य मिळाले आणि दुसऱ्याला काटा.

पत्र्यात वाचण्यासारखे काय आहे, हे बिकानेरच्या उदाहरणावरून सांगतो. पहिल्या महायुद्धानंतर १९१९ साली इंग्लंडने आपली उरलेली विमाने साम्राज्यातल्या देशांना भेट दिली, त्यांत हिंदुस्थानच्या वाट्याला शंभराच्या आसपास आली. काही बिकानेरच्या महाराजा गंगासिंहांकडे पोहोचली. डी. एच. ९ हे त्या विमानाचे नाव. युद्धकाळात ते फारसे नावाजलेले नव्हते. त्याचे इंजिन कमी ताकदीचे आणि बेभरवशाचे म्हणून वैमानिकांनी त्याला शिव्याच दिल्या. हजारोंनी बनलेली ही विमाने पुढे जवळजवळ सगळी नाहीशी झाली. बिकानेरला मात्र त्यांचे सांगाडे राजवाड्याच्या जुन्या हत्तीखान्यात पडून राहिले. लाकूड वाळवीने खाल्ले, कापड गेले, लोखंड आणि पितळ उरले. विसाव्या शतकाच्या अखेरीस एका परदेशी प्रवाशाच्या ते दृष्टीस पडले आणि २००० साली एका इंग्रज जीर्णोद्धारकाने व्यवहार करून काही सांगाडे इंग्लंडला नेले. त्यातले एक विमान २००७ पासून डक्सफर्डच्या युद्धसंग्रहालयात उभे आहे. दुसरे इतके दुरुस्त केले की २०१९ साली ते पुन्हा आकाशात उडाले. बिकानेरच्या जुनागड किल्ल्यातही एक डी. एच. ९ पाहायला मिळते.

येथे टीकाकाराचे खरे काम सुरू होते. वाळवीने खाल्लेल्या विमानात नवे लाकूड घातले, नवे कापड ताणले, नवा रंग दिला. आता ते कोणते विमान? जुने की नवे? हा प्रश्न इंग्रजांना नवा वाटला तरी पुण्याच्या भांडारकर संस्थेला नवा नाही. ज्या १९१९ साली ती विमाने इकडे निघाली, त्याच साली त्या संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली. ते काम १९६६ साली पुरे झाले आणि त्यासाठी १२५९ हस्तलिखिते तपासली गेली. सुकथनकरांनी घालून दिलेली शिस्त अशी की उपलब्ध पुराव्यावरून पाठ ठरवावा, जो पाठ निश्चित नाही त्याच्याखाली नागमोडी रेघ ओढावी, आणि मागाहून घुसलेले श्लोक फेकून न देता वेगळे, खाली, पण छापावेत. वाचकाला नेहमी कळले पाहिजे की कोणता शब्द किती भरवशाचा आहे.

मोडक्या विमानाचा जीर्णोद्धार म्हणजे हीच पाठचिकित्सा. प्रत्येक भागावर कारखान्याचा ठोकलेला नंबर असतो, तपासनिसाचा शिक्का असतो, रंगाखाली आधीचा रंग असतो. रंगाचे थर हळूहळू खरवडले तर एकाच विमानाने कोणकोणत्या तुकड्यांत नोकरी केली ते उलगडते. वाकलेल्या पात्यावरून विमान जमिनीला टेकले तेव्हा इंजिन चालू होते की बंद, हे जाणकार सांगतात. हे सगळे त्या ग्रंथाचे पाठभेद आहेत. चांगला जीर्णोद्धारक नवा तुकडा घालतो तेव्हा त्यावर खूण करतो, काढलेला जुना तुकडा जपून ठेवतो आणि सगळ्याची वही लिहितो. वाईट जीर्णोद्धारक सगळ्यावर एकच चकचकीत रंग मारतो. तो वाङ्मयातला कोण, हे जुन्या संतांच्या अभंगांत आपल्या ओळी बेमालूम मिसळणाऱ्यांना पाहिलेल्या वाचकाला सांगायला नको.

मग जे उडवले ते चूक का? माझा एक तरुण मित्र नाटकवाला आहे. त्याने माझ्याशी या मुद्द्यावर भांडण केले. तो म्हणाला, "सर, तुम्हाला नुसती संहिता हवी. प्रयोग नको. अहो, विमान उडल्याशिवाय त्याचा आवाज तुम्हाला कोण ऐकवणार?" मला त्याचे म्हणणे पटले. आवाज हाही पुरावाच आहे. तेलाचा वास आणि थरथरणाऱ्या तारा पोथीत सापडत नाहीत. तेव्हा मी माझे मत असे सुधारतो: संहिता एक असावी आणि तिला कुणी हात लावू नये. प्रयोग निराळा असावा आणि त्याने आपण प्रयोग आहोत हे लपवू नये. बिकानेरच्या हत्तीखान्यातून दोन्ही निघाले, यात त्या मंडळींची शहाणीव दिसते. खंत एवढीच की ती शहाणीव दाखवायला माणसे समुद्रापलीकडून यावी लागली.

आपल्याला भंगारातून विमान उभे करता येत नाही असे मात्र कुणी समजू नये. दुसऱ्या महायुद्धानंतर कानपूरला लिबरेटर नावाच्या चार इंजिनांच्या अमेरिकन बाँबफेकी विमानांचा ढीग पडला होता. ती पुन्हा कुणाच्या कामी येऊ नयेत म्हणून जाताना मुद्दाम त्यांची मोडतोड केलेली होती. यंत्रांत वाळू ओतली, उपकरणे फोडली. १९४८ नंतर बंगलोरच्या हिंदुस्थान कारखान्याच्या लोकांनी त्या ढिगातून निवडून, जोडून, चाळीसवर विमाने उडती केली. कारखान्याचे वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ती कानपूरहून बंगलोरला नेली. ही विमाने आपल्या हवाई दलात १९६८ पर्यंत होती, जगात इतरत्र ती लष्करातून निघून गेल्यावरही. त्यानंतर काय झाले? कॅनडाच्या, अमेरिकेच्या, इंग्लंडच्या संग्रहालयांनी ती मागून नेली. इंग्लंडच्या संग्रहालयातले लिबरेटर १९७४ साली हिंदुस्थानातून उडत गेले. ज्यांना जगाने मोडीत काढले त्यांना आपण उठवले, आणि उठवलेले जगाने जपले. एक लिबरेटर दिल्लीला पालमच्या संग्रहालयात आहे. तेथेच वापिती हे दोन पंखांचे विमान आहे. १ एप्रिल १९३३ रोजी कराचीजवळ आपल्या हवाई दलाची पहिली तुकडी उभी राहिली ती वापिती विमानांवर. जगात त्या जातीचे अखंड असे हे एकच उरले आहे. दिल्लीला गेलेली आमची मंडळी कुतुबमिनार पाहून येतात. वापिती पाहून आलेला बुलढाण्याचा माणूस मला अजून भेटायचा आहे.

दूर दिल्लीलाच जायला हवे असेही नाही. मुंबईला वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात मुले घेऊन पुष्कळजण जातात. तेथे 'मरुत' उभे आहे. मरुत्सखा नव्हे, खरे मरुत. जर्मन अभियंता कुर्ट टँक यांच्या नेतृत्वाखाली बंगलोरला आरेखित झालेले, १९६१ साली उडालेले, आपल्या देशात विकसित झालेले पहिले लढाऊ जेट. एकूण १४७ बनली. ताकदवान इंजिन कधीच मिळाले नाही म्हणून ते अपुऱ्या पराक्रमाचे विमान राहिले. पण १९७१ च्या युद्धात त्याने आपले काम केले. एक मरुत जर्मनांनी आपल्या म्युनिकजवळच्या संग्रहालयात नेऊन ठेवले आहे. ज्या विमानाची दंतकथा आहे त्याचे नाव मराठी पोरांना पाठ, आणि जे डोळ्यांसमोर उभे आहे त्याच्या पाटीसमोर आईस्क्रीम खात मुले पुढे जातात. हा दोष मुलांचा मानायला मी तयार नाही. त्यांना कुणी वाचायला शिकवलेले नाही.

गोव्याला जाणाऱ्यांसाठी आणखी एक सांगतो. दाबोळी विमानतळाजवळ, बोगमाळोच्या वाटेवर, १९९८ साली उघडलेले नौदलाचे विमानसंग्रहालय आहे. 'विक्रांत'वरून उडणारी सी हॉक आणि अलिझे, फायरफ्लाय, आणि पाण्यावर उतरणारे सीलँड, ज्याचे जगात मोजकेच नमुने उरले आहेत. ही विमाने उघड्यावर आहेत. समुद्र जवळ, पाऊस गोव्याचा. ॲल्युमिनियम लोखंडासारखे तांबडे गंजत नाही म्हणून लोक निश्चिंत असतात. पण खारी हवा त्याला आतून पांढऱ्या भुकटीसारखी खाते, विशेषतः जेथे रिबीट आणि पत्रा वेगवेगळ्या धातूंचे असतात तेथे. वरून रंग ताजा आणि आत पोकळ, अशी अवस्था होऊ शकते. वाङ्मयातही अशी उदाहरणे आहेत, पण सणाचे दिवस आहेत, नावे घेत नाही.

आतापर्यंत मी अवशेष जपण्याच्या बाजूने बोललो. आता जेथे माझीच लेखणी अडते तेथे येतो.

७ फेब्रुवारी १९६८ रोजी चंडीगडहून लेहला निघालेले आपल्या हवाई दलाचे ए. एन. १२ जातीचे विमान १०२ माणसांसह हिमालयात नाहीसे झाले. पस्तीस वर्षांनी, २००३ साली, गिर्यारोहकांना हिमनदीत त्याचे अवशेष आणि एका जवानाचा देह मिळाला. त्यानंतर सैन्याच्या तुकड्या पुनःपुन्हा वर गेल्या, आणि २०२४ साली आणखी चार देह मिळाले. छप्पन्न वर्षांनी. २२ जुलै २०१६ रोजी तांबरमहून पोर्ट ब्लेअरला निघालेले ए. एन. ३२ बंगालच्या उपसागरावर २९ माणसांसह हरवले. २०२४ च्या जानेवारीत आपल्या समुद्रविज्ञान संस्थेच्या स्वयंचलित पाणबुडीने ३४०० मीटर खोल तळाची छायाचित्रे काढली आणि तेथे त्याचे तुकडे दिसले. अरुणाचलच्या डोंगरांत महायुद्धातल्या अमेरिकन विमानांचे अवशेष अजून सापडतात. आसामहून चीनला रसद नेताना त्या पट्ट्यात शेकडो विमाने पडली. त्यांतल्या माणसांचा शोध आजही चालू आहे आणि २०२३ साली पासीघाटला या अवशेषांचे एक संग्रहालय उघडले.

'अवशेष' हा शब्द आपण पत्र्याला वापरतो तसाच माणसालाही वापरतो. भाषेने येथे मोठी शहाणी गल्लत केली आहे. त्या हिमनदीतले विमान दुर्मिळ आहे म्हणून कुणी त्याचा तुकडा दिवाणखान्यात लावला, तर तो संग्राहक नव्हे. ज्या घरात एक ताट छप्पन्न वर्षे रिकामे राहिले, त्या घराला पत्र्याच्या दुर्मिळतेशी काय कर्तव्य? तेथे शोध घ्यायचा तो आधी माणसाचा, आणि पत्र्यावरचा नंबर वाचायचा तो माणूस कोण हे कळावे म्हणून. मी जो नियम मानतो तो असा: जेथे माणसे राहिली आहेत ते ठिकाण आधी स्मशान आहे, मग संग्रहालय. आणि स्मशानातून काही आणायचेच तर ते अस्थी आणतात तसे, नाव घेऊन आणावे.

हे लिहिताना एक ताजा प्रसंग डोळ्यांसमोर आहे. २६ सप्टेंबर २०२५ रोजी मिग २१ विमाने आपल्या हवाई दलातून निवृत्त झाली. १९६३ पासून ती होती. त्यातली पुष्कळशी आपल्या नाशिकजवळच्या ओझरच्या कारखान्यात घडली, मराठी कामगारांच्या हातांनी. त्यांच्यापैकी काही गावोगावच्या चौकांत खांबावर चढतील, काही तेथे आधीच आहेत. चौकातले विमान मला नेहमी त्या मुखपृष्ठासारखे वाटते, ज्याच्या आत पुस्तकच नाही. नाक वर, रंग ताजा, खाली नगरसेवकांची नावे ठळक. विमानाचा नंबर? तुकडी? कोणत्या साली घडले, कुणी उडवले, कुठे जखमी झाले? काही नाही. आज त्यांना दुर्मिळ म्हटले तर लोक हसतील, कारण ती शेकडो होती. पण डी. एच. ९ हजारोंनी होती. दुर्मिळता ही आधी विपुलताच असते. मधे फक्त बेफिकिरीची काही वर्षे जातात. माझे मागणे फार नाही. प्रत्येक खांबाखाली एक पाटी हवी. तीवर नंबर, साल, तुकडी, आणि नवा रंग कधी दिला ते. एवढ्याने मुखपृष्ठाच्या आत निदान पहिले पान येईल.

आता तो डबा.

मी तो मोडीत दिला त्याच दिवाळीत, भाऊबीजेला, मामा आले. आईने ओवाळले. मामा नेहमीप्रमाणे स्वयंपाकघरात पाटावर बसले, आणि बोलता बोलता त्यांची नजर फळीवर गेली. "डबा कुठं गेला गं?" त्यांनी विचारले. आईने माझ्याकडे पाहिले. मी सांगितले. मामा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "असू दे. त्याला झाकण कधी नव्हतंच." आणि त्यांनी करंजी उचलली.

मामा जाऊन आता बरीच वर्षे झाली. हा डबा खरोखरच विमानाच्या पत्र्याचा होता का? टीकाकार म्हणून मला 'होता' असे लिहिता येत नाही. त्या बाजूला बाजाराचा पत्राही मिळत असेल, आणि विमानाचा म्हणून सांगितला की भांड्याचे मोल वाढत असेल. मामांना कुणी फसवलेही असेल. तळाच्या नंबरातला एक आकडा सात होता असे मला वाटते, पण माझ्या या आठवणीखाली मी नागमोडी रेघच ओढीन. तो नंबर आज हातात असता तर जाणकाराला तो विमानाच्या भागाचा आहे की नाही एवढे सांगता आले असते. होता असे निघते तर कदाचित विमानाची जात कळली असती. त्यापलीकडे कोणते विमान, कोणत्या डोंगरावर पडले, आत कोण होते, कुणाच्या घरी कुठल्या देशात कुणी वाट पाहत बसले, यातले एखादे तरी दार किलकिले झाले असते. एखादे वेळी काहीच निघाले नसते आणि मामांची गोष्ट खोटी ठरली असती. तेही चालले असते. आता ती ना खरी ना खोटी. मी माझ्या घरात एक मरुत्सखा निर्माण करून ठेवला आहे, आणि तळपद्यांच्या भक्तांना हसण्याचा मला फारसा अधिकार उरलेला नाही.

तेव्हा वाचकहो, माळा साफ करताना एवढेच करावे. ज्या वस्तूवर नंबर, शिक्का किंवा कुणाचे नाव कोरलेले आहे, ती मोडीत घालण्यापूर्वी घरातल्या सर्वांत वृद्ध माणसासमोर ठेवावी आणि ती कुठून आली ते विचारावे. मुलांपैकी ज्याचे अक्षर बरे असेल त्याने ते वहीत लिहून घ्यावे, नंबरासकट. मग वस्तू ठेवायची की नाही ते ठरवावे. स्टीलचा डबा काय, केव्हाही मिळतो.